दीड हजाराचा कॅमेरा खरा कितीला पडतो

दिवाळी जवळ आली की व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट यायला लागतात. पांढरा, गोल, मान वळवणारा कॅमेरा, खाली किंमत १,४९९ रुपये आणि त्याखाली प्रश्न: "भाऊ, हा दीड हजारात घरपोच मिळतोय. तुम्ही चार कॅमेऱ्यांचे वीस हजार कशाचे सांगताय?"

प्रश्न रास्त आहे. मी कराडात कॅमेरे बसवतो. त्याआधी केबलच्या वायरी ओढायचो. घरोघरी डिश आल्या, केबलचं काम आटलं, तसा या धंद्यात आलो. शिडी आणि ड्रिल मशीन तेच राहिलं. तेव्हा हे लिहिणारा माणूस विकणाऱ्यांपैकीच आहे, हे आधीच सांगून ठेवतो. ब्रँडची नावं घेत नाही, कारण मी दुकानात जे ठेवतो तेच चांगलं म्हणणार. आकडे मात्र माझ्या कोटेशनवर २०२५ च्या अखेरीला जे होते तेच देतोय. पुण्यात थोडे कमी असतील, पाटणच्या वरच्या अंगाला गाडीभाडं धरून थोडे जास्त.

आधी त्या दीड हजारवाल्याचं बघू. तो कॅमेरा वाईट नाही. फ्लॅट असेल, घरात वायफाय असेल, दिवसा घरी म्हातारी आई एकटी असेल किंवा बाळाला सांभाळायला बाई येत असेल, तर तोच घ्या, मला बोलवूही नका. फक्त खोक्यावर ठळक अक्षरात जे लिहीत नाहीत ते असं, की त्यात साठवायची सोय नसते. मेमरी कार्ड वेगळं घ्यावं लागतं. मग जुन्या मोबाईलमधलं कार्ड काढून त्यात घालायची हौस प्रत्येकाला येते. कॅमेरा त्या कार्डावर रात्रंदिवस लिहितो, भरलं की जुनं पुसतो, परत लिहितो. साधं कार्ड त्या कामासाठी केलेलंच नसतं, ते वर्षा-दीड वर्षात जीव सोडतं. आणि सांगून सोडत नाही. ॲप उघडतं, लाइव्ह चित्र दिसतं, आई टीव्हीसमोर बसलेली दिसते, सगळं झकास. ज्या दिवशी मागचं काही बघायची गरज पडते त्या दिवशी कळतं की कित्येक महिने रेकॉर्डिंग झालेलंच नाही. म्हणून 'हाय एन्ड्युरन्स' असं छापलेलं कार्ड घ्यायचं. १२८ जीबीचं साधारण चौदाशेला पडतं. म्हणजे कॅमेऱ्याएवढाच खर्च कार्डाचा झाला.

कार्ड नको असेल तर क्लाउड आहे, कंपनी रेकॉर्डिंग तिच्याकडं ठेवते. पहिला महिना फुकट, पुढं एका कॅमेऱ्याला महिन्याला दीडशे धरा. वर्षाचे अठराशे झाले. दर दिवाळीला तोच कॅमेरा पुन्हा विकत घ्यायचा आणि बदल्यात नवं काही मिळवायचं नाही, असा तो हिशोब आहे. पाच वर्षांत नऊ हजार. हे फक्त आपल्याकडंच आहे असं नाही. माझा मावसभाऊ न्यू जर्सीत असतो, त्याच्या दाराला रिंग कंपनीची कॅमेरावाली बेल आहे. तिचा सगळ्यात साधा प्लॅन महिना ४.९९ डॉलर आहे, २०२४ च्या सुरुवातीपर्यंत तो ३.९९ होता. प्लॅन नसेल तर बेल वाजल्यावर दारात कोण आहे ते दिसतं, पण काल कोण आलं होतं ते दिसत नाही. तो म्हणतो, आता सोडायचा म्हटला तरी सुटत नाही, बायकोला सवय झालीय. कंपन्यांना हेच हवं असतं.

वायफायचं एक सांगून पुढं जातो. स्वस्त कॅमेरे २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवरच चालतात. आजकालचे राउटर २.४ आणि ५ दोन्ही एकाच नावानं दाखवतात आणि कॅमेरा जोडताना ॲप 'फेल्ड' म्हणत बसतं. लोक कॅमेरा खराब म्हणून परत पाठवतात. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन्हीची नावं वेगळी केली की काम होतं. एवढ्यासाठी मी व्हिजिटचे तीनशे घेतो, आणि इथं वाचून तुम्ही ते वाचवलेत तर मला आनंद आहे.

आता वीस हजारांकडं येऊ. मलकापुरात एका निवृत्त मास्तरांच्या बंगल्याचं कोटेशन समोर ठेवूनच सांगतो. चार कॅमेरे, वायरवाले, २.४ मेगापिक्सेलचे, एक तेराशे पन्नासला, म्हणजे ५,४००. चार चॅनेलचा डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणारा डबा, ३,४००. त्यात बसणारी एक टीबीची हार्ड डिस्क ४,६००. थ्री प्लस वनची, म्हणजे चित्राची आणि पॉवरची तार एकत्र असलेली, नव्वद मीटर केबल, एक बंडल, १,९००. चारही कॅमेऱ्यांना पॉवर देणारा एसएमपीएस ६५०. केबलच्या टोकांना लावायच्या बीएनसी आणि डीसी पिना ३००. कॅमेऱ्यामागचे जंक्शन बॉक्स २४०. भिंतीवरची छोटी पेटी, केसिंग पट्टी, स्क्रू-बिक्रू ७००. बसवायचे कॅमेऱ्यामागं सहाशे, म्हणजे २,४००. बेरीज १९,५९०. मालावरचा अठरा टक्के जीएसटी यातच आला.

मास्तरांनी चष्मा लावून बेरीज तपासली आणि म्हणाले, "यात कॅमेरे तर चौथाईच आहेत."

चौथाईहून जरा जास्त, पण मुद्दा त्यांनी बरोबर पकडला. बाकीचे चौदा हजार हे रात्री तीन वाजता लाईट गेलेली असताना, पाऊस पडत असताना ते चित्र कुठंतरी लिहून ठेवलं जावं याचे आहेत. कॅमेरा नुसता बघतो. जपून ठेवायचं काम बाकीचं सामान करतं आणि पैसे तिथंच लागतात. ज्याचं कोटेशन बारा हजारांचं येतं तो कॅमेऱ्यात फारसं कमी करत नाही, कारण मॉडेल नंबर गिऱ्हाईक मोबाईलवर शोधतं. तो केबलमध्ये कमी करतो. तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची केबल येते. दिसायला तशीच. वीस मीटरच्या पुढं व्होल्टेज पडतं, आणि रात्री अंधारात बघायचे इन्फ्रारेड दिवे लागले की कॅमेरा बंद-चालू, बंद-चालू करत राहतो. दिवसा मी बघायला जातो तेव्हा सगळं छान चाललेलं असतं. दुसरी काटकसर हार्ड डिस्कमध्ये. कॉम्प्युटरमधून काढलेली, पुसून नव्या पिशवीत घातलेली डिस्क अर्ध्या किमतीला मिळते. सर्व्हेलन्सची, म्हणजे कॅमेऱ्यांसाठीची, डिस्क चोवीस तास लिहिण्यासाठी केलेली असते, कॉम्प्युटरची तशी नसते. डिस्कवरची तारीख वाचा. खोकं बघू नका, प्रत्यक्ष डिस्कवरचं लेबल बघा.

एक टीबीमध्ये किती दिवस राहतं, हे विचारणारं गिऱ्हाईक मला अजून क्वचितच भेटतं. हिशोब सोपा आहे. एक कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट लिहीत असेल तर दिवसाला साधारण २१.६ जीबी होतात. चार कॅमेऱ्यांचे ८६ जीबी. एक टीबीच्या डिस्कवर प्रत्यक्षात ९३० जीबीच्या आसपास जागा मिळते. म्हणजे दहा-अकरा दिवस. मास्तर आणि बाई उन्हाळ्यात चारधामला जातात, ते वीस दिवसांनी येतात. दुसऱ्या दिवशी कुणी कुलूप तोडलं तर त्याचं चित्र हे दोघं हरिद्वारला असतानाच पुसलं गेलेलं असणार. त्यावर दोन उपाय आहेत. एक, डिस्क मोठी घ्यायची, दोन टीबीला दोन हजार वाढतात. दुसरा, डीव्हीआरच्या सेटिंगमध्ये एच.२६५, म्हणजे व्हिडिओ जास्त दाबून साठवायची पद्धत, चालू करायची, जागा जवळपास निम्मी लागते, खर्च शून्य. ते बटण बऱ्याच घरांत बंदच असतं. बसवणारा घाईत असतो, दुसरं काही नाही.

मेगापिक्सेलच्या मागं मात्र लोक हात धुऊन लागलेत. पाच घ्या, आठ घ्या, असं पोरं सांगतात. माझं म्हणणं, आधी कॅमेरा कुठं लावताय ते ठरवा. अनोळखी माणसाचा चेहरा ओळखता यायचा असेल तर चित्रात त्या जागी एका मीटरला सुमारे २५० पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके, हवेत असा या धंद्यातला मान्य हिशोब आहे. दोन मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी १,९२० पिक्सेल. भागाकार केला तर साडेसात मीटर रुंदीचा देखावा येतो. नेहमीच्या ३.६ मिलीमीटरच्या लेन्सला तेवढा देखावा चार-साडेचार मीटर अंतरावर मिळतो. त्याच्या पलीकडं माणूस आला, शर्ट निळा होता, लंगडत होता, एवढं कळेल. चेहरा कळणार नाही. लोक कॅमेरा दुसऱ्या मजल्याच्या गच्चीखाली लावायला सांगतात, 'म्हणजे सगळं दिसेल'. सगळं दिसतं, म्हणजे डोक्यावरच्या टोप्या दिसतात. फाटकाच्या खांबाला, आठ-नऊ फुटांवर एक कॅमेरा लावला तर तो साधा असला तरी वरच्या तीन महागड्यांपेक्षा जास्त कामाचा. हात पोचतो, कुणी फिरवून ठेवेल, ही भीती खरी आहे. म्हणून त्याच्याकडं बघणारा दुसरा लावायचा. गाडीचा नंबर रात्री मिळेल अशी आशा धरू नका. हेडलाइटच्या उजेडात नंबरप्लेट पांढरी फटक दिसते. त्याचा कॅमेरा वेगळा येतो, तो घरासाठी नसतो.

लाईटबिल कुणी धरत नाही. चार कॅमेरे, डीव्हीआर, डिस्क, राउटर मिळून चाळीस वॉटच्या आसपास ओढतात. दिवसाला एक युनिट, महिन्याला तीस. स्लॅब कोणता आहे त्याप्रमाणे अडीचशे ते साडेतीनशे रुपये. वर्षाला तीन-चार हजार गुपचूप जातात. शिवाय लाईट जाते तेव्हा काय? डीव्हीआर इन्व्हर्टरवर घेतलेला असतो, आणि राउटर टीव्हीच्या मागं साध्या प्लगवर. रेकॉर्डिंग चालू राहतं, पण मोबाईलवर काही दिसत नाही, आणि पुण्यातल्या मुलाचा फोन येतो, "काका, सिस्टीम बंद पडली." राउटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, बारा-पंधराशेला. माझ्या मते या सगळ्या खरेदीत सगळ्यात पैसेवसूल वस्तू तीच.

वळवाचं वेगळंच. मे महिन्यात विजा कडकडल्या की दुसऱ्या दिवशी सकाळपासून माझा फोन थांबत नाही. गच्चीवरून ओढलेल्या लांब केबलमधून झटका येतो आणि डीव्हीआरचे पोर्ट जातात. दोन वर्षांची वॉरंटी असते, पण जळालेला माल वॉरंटीत घेत नाहीत. हे बिलाच्या मागं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. अर्थिंग नीट नसलेल्या घरात मी आधी अर्थिंग करायला सांगतो. त्यावर लोकांना वाटतं की हा वायरमनचंही काम लाटायला बघतोय.

शेतातल्या कॅमेऱ्याचा हिशोब घरापेक्षा वेगळा, आणि आमच्याकडं सध्या सगळ्यात जास्त मागणी त्यालाच आहे. विहिरीवरच्या मोटरची केबल कापून नेतात, तांबं जाळून विकतात. एका केबलीचे दहा-पंधरा हजार जातात, वर पाणी थांबतं ते वेगळं. मळ्यात ना लाईटचा भरवसा, ना वायफाय. म्हणून सोलरवर चालणारा, सिमकार्डवाला कॅमेरा. तो साडेसात हजार. त्याला पाइपचा खांब आणि खाली काँक्रीट, अठराशे. कार्ड चौदाशे. बसवणं हजार. पावणेबारा हजारांत काम झालं असं वाटतं. मग रिचार्ज येतो. तीनशेच्या घरातला पॅक, तोही अठ्ठावीस दिवसांचा. वर्षात बारा महिने असतात, पण असे रिचार्ज तेरा होतात. एकोणचाळीसशे. तीन वर्षांत ११,७०० रुपये, म्हणजे खांबासकट बसवलेला आख्खा कॅमेरा पुन्हा आला.

त्या पॅकमध्ये दिवसाला दीड जीबी मिळतं. लाइव्ह बघताना २ मेगाबिटला तासाला नऊशे एमबी जातात. म्हणजे दीड-पावणेदोन तासांत खेळ खलास. कोळे गावाच्या बाजूला एका गोठ्यावर बसवला होता. मालकाचा मुलगा हिंजवडीत नोकरीला, त्याला संध्याकाळी गाई बघितल्याशिवाय जेवण जात नाही. आठ वाजेपर्यंत डेटा संपायचा आणि रात्रभर कॅमेरा आंधळा. चित्राची क्वालिटी कमी करून बघ म्हटलं तर म्हणाला, "मग कपिला नीट दिसत नाही." त्याचं प्रेम मला कळतं, पण चोर रात्री येतो.

आणखी एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. सोलरवाले बहुतेक कॅमेरे सलग रेकॉर्डिंग करत नाहीत. बॅटरी वाचवायला झोपलेले असतात. अंगाची ऊब घेऊन फिरणारं काही समोर आलं की जागे होतात आणि दहा-वीस सेकंदांची क्लिप घेतात. जागं व्हायला एक-दोन क्षण लागतात. तेवढ्यात भराभर चालणारा माणूस निम्मा फ्रेमबाहेर गेलेला असतो. अशा क्लिपांत मला माणसांच्या पाठीच फार दिसतात. म्हणून हा कॅमेरा वाटेला आडवा लावायचा नाही, माणूस समोरून चालत येईल असा लावायचा. आणि जुलै-ऑगस्टमध्ये कोयनेच्या अंगाला आठ-आठ दिवस ऊन पडत नाही, तेव्हा तो बंद पडणार हे धरूनच चालायचं. मोठं पॅनेल घेतलं तर थोडा तगतो, दीड हजार वाढतात.

बिबट्याबद्दल लिहिलं नाही तर आमच्या भागाचं लिहिलं असं कुणी म्हणणार नाही. उसाच्या पट्ट्यात बिबट्या पूर्वीपासून आहे. कॅमेरे वाढले तसा तो व्हॉट्सॲपवर आला. रात्री दोनला कुत्र्यामागं अंगण ओलांडून जातो, सकाळी सातपर्यंत चार गावांच्या ग्रुपवर फिरतो, आणि दुपारपर्यंत मला त्याच वस्तीवरून तीन फोन. एकानं विचारलं होतं, बिबट्या आला की ओरडेल असा कॅमेरा आहे का. आहे. सायरन आणि लाईटवाला येतो, हजारभर रुपये जास्त. बिबट्या पहिल्या दिवशी दचकतो म्हणतात. शेजारी रोज दचकतात, कारण तो सायरन मांजरालाही वाजतो, आणि पडवीतल्या भोपळ्याच्या वेलाला वारं लागलं तरी वाजतो.

बिबट्यापेक्षा जास्त त्रास कोळ्यांचा. रात्री इन्फ्रारेडच्या उजेडाला किडे येतात, किड्यांमागं कोळी येतो, लेन्ससमोर जाळं विणतो. त्या जाळ्यावर उजेड परत फिरतो आणि चित्र दुधासारखं पांढरं. मग तक्रार: "कॅमेरा रात्रीचा दिसत नाही." मी झाडू घेऊन जातो. वर्षाचं मेंटेनन्सचं कॉन्ट्रॅक्ट अडीच हजार घेतो, त्यातला निम्मा वेळ झाडूच चालतो. पण त्याच फेरीत मी डिस्क बघतो, मागच्या आठवड्याचं एखादं रेकॉर्डिंग उघडून खरंच चालतंय का ते बघतो, घड्याळ बघतो. कॉन्ट्रॅक्ट नको असेल तर हे तिन्ही स्वतः महिन्यातून एकदा करा. पाच मिनिटांचं काम आहे आणि त्यात मला काही मिळत नाही.

घड्याळाचं मुद्दाम लिहिलं. डीव्हीआरचा आतला सेल गेला की लाईट गेल्यावर वेळ मागं जाते. पोलीस फुटेज घ्यायला येतात तेव्हा त्यावर कुठल्या तरी जुन्या वर्षाची १ जानेवारी असते. १ जुलै २०२४ पासून पुराव्याचा नवा कायदा, भारतीय साक्ष्य अधिनियम, लागू झाला. त्याच्या कलम ६३ प्रमाणे असं रेकॉर्डिंग कोर्टात द्यायचं तर प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा, लिहायची असते. जुन्या कायद्यात हेच कलम ६५-ब होतं. त्यामुळं मोबाईलनं टीव्हीच्या स्क्रीनचं शूटिंग करून पाठवलेलं फुटेज ग्रुपवर फिरवायला ठीक आहे. मूळ फाइल पेनड्राइव्हवर नीट काढून ठेवायची आणि डीव्हीआरला हात लावायचा नाही. चोरानंच डीव्हीआर उचलून नेला असेल तर प्रश्नच मिटला. म्हणून तो टीव्हीखाली ठेवू नका, माळ्यावर किंवा कपाटात ठेवा, हवा खेळेल अशा जागी.

आता पासवर्ड. यावर लिहिलं की माझ्याच धंद्यातले लोक रागावतात. २०१६ साली मिराई नावाच्या प्रोग्रॅमनं जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते. ऑक्टोबरमध्ये त्यांच्याच जोरावर अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पाडल्या. घुसायला फार हुशारी लागली नाही, कंपनीनं दिलेले पासवर्ड लोकांनी बदललेच नव्हते. तुम्ही म्हणाल, ते तिकडं. मग इकडचं घ्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिरुग्णालयातले बायकांच्या तपासणीचे व्हिडिओ इंटरनेटवर विकायला आल्याचं उघड झालं. तिथल्या सिस्टीमचा पासवर्ड admin123 ह्याच धाटणीचा, म्हणजे 'ॲडमिन' आणि पुढं एक-दोन-तीन, असा असल्याच्या बातम्या होत्या. अटक झालेल्यांत लातूर आणि सांगलीकडची माणसं होती.

म्हणून बेडरूममध्ये, बाथरूमच्या पॅसेजकडं तोंड करून मी कॅमेरा लावत नाही. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. आणि बसवणारा निघायच्या आधी त्याच्यासमोर पासवर्ड स्वतः बदला. त्याला सांगू नका, मलाही सांगू नका. लोकांना हे सांगायला संकोच वाटतो, 'दादा आपलेच आहेत'. आपले असलो तरी माझ्याकडं कामाला येणारी पोरं दरवर्षी बदलतात. पासवर्ड विसरलात तर रिसेट करायला मला परत यावं लागेल आणि पाचशे रुपये द्यावे लागतील. द्या.

याच काळजीपोटी सरकारनं नियम केला. ९ एप्रिल २०२५ पासून देशात विकल्या जाणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या चाचण्या पास करणं सक्तीचं झालं. बाजारात याला, चाचण्या करणाऱ्या सरकारी संस्थेच्या नावावरून, नुसतं 'एसटीक्यूसी' म्हणतात. चिनी चिपचा बराच स्वस्त माल त्यात अडकला, माझा खरेदीचा भाव कॅमेऱ्यामागं दोन-अडीचशेनं चढला. अजूनही कुठंतरी जुना माल निम्म्या किमतीत मिळतो. घेऊ नका म्हणणार नाही, चित्र चांगलं असतं त्याचं. पण त्याचं ॲप आणखी दोन वर्षांनी चालेल का, याची खात्री विकणाराही देणार नाही. ज्या कॅमेऱ्याला स्वतःचं ॲप सोडून दुसऱ्या कशालाच जोडता येत नाही, त्याचा सर्व्हर बंद झाला की भिंतीवर प्लॅस्टिकचं बोंडूक उरतं. खोक्यावर 'ऑनव्हिफ' लिहिलेलं असेल तर दुसऱ्या कंपनीच्या रेकॉर्डरला जोडायची सोय राहते. दोन-तीनशे जास्त पडले तरी तो घ्या.

भाऊबंदकीच्या घरात काम घेताना मी आता दोन्ही घरांना विचारतो. एकाच वाड्यात दोन भाऊ, मधे सामाईक चौक, एकाचा कॅमेरा दुसऱ्याच्या दारावर. कोलकात्यात असंच एक प्रकरण कोर्टात गेलं. राहत्या भागात बाकीच्यांच्या संमतीशिवाय कॅमेरे नकोत असं उच्च न्यायालयानं २०२५ साली म्हटलं, आणि सर्वोच्च न्यायालयानं त्यात हात घातला नाही. दोन भावांत वकिलाची फी किती होते ते माझ्या कोटेशनमध्ये मावणार नाही. कॅमेऱ्यात प्रायव्हसी मास्क असतो, चित्राचा तेवढा कोपरा काळा करता येतो. फुकट आहे, सेटिंगमध्येच असतो.

सध्या हातात एका बारा फ्लॅटच्या सोसायटीचं काम आहे. चेअरमनना सोळा कॅमेरे हवेत, कारण शेजारच्या सोसायटीनं बारा लावलेत. मी सहा सांगितलेत: फाटकावर दोन, पार्किंगमध्ये दोन, लिफ्टपुढं एक, गच्चीच्या दारावर एक. वर चार टीबीची डिस्क आणि डीव्हीआर-राउटरला वेगळा यूपीएस. सहाचं कोटेशन बत्तीस हजारांचं झालं, सोळाचं दुसऱ्या कुणीतरी अठ्ठेचाळीस दिलंय. त्या कोटेशनवर डिस्क एकच टीबीची आहे आणि यूपीएस नाही. सोळा कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग त्यावर पुरते तीन दिवसही राहणार नाही, हे मी सेक्रेटरींना कागदावर मांडून दिलंय. ते बँकेतून रिटायर झालेत, त्यांना पटलं. चेअरमनना आकडा सोळाच आवडतो. मीटिंग रविवारी आहे.